पगाराच्या आठवड्यात पळायचं नाही

मी पगार करते. घेते तसा करतेही. सहाशे चाळीस माणसांचा पगार दर महिन्याला माझ्या आणि माझ्या दोन सहकाऱ्यांच्या हातून जातो, आणि त्यात चूक झाली तर फोन मलाच येतो. ऑफिस बाणेरला, घर कर्वेनगरला. मधलं अंतर अकरा किलोमीटर. गेली तीन वर्षं ते मी सायकलनं कापते, आणि त्यातली दोन वर्षं त्यात पळणं कोंबायचा प्रयत्न करते आहे. 'कोंबायचा' हाच शब्द बरोबर आहे. सुटकेस भरून झाल्यावर आईनं दिलेली लोणच्याची बरणी कुठं घालायची, तसं ते काम होतं.

आधी माझा महिना कसा असतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. २१ तारखेला हजेरी बंद. २५ला सगळे बदल गोठवायचे: नवीन आलेले, सोडून गेलेले, बिनपगारी रजा, ओव्हरटाइम. २८ला बँकेत फाइल. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर, भरायचा, १५पर्यंत पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे. तिमाही संपली की टीडीएसचं रिटर्न, उन्हाळ्यात फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला. म्हणजे १५ ते २१ हे सहा-सात दिवस मी माणसात असते, आणि २२ ते २८ नसते. त्या आठवड्यात घरी कुणी मला काही विचारत नाही. मुलगी आठवीत आहे, ती सहलीच्या फॉर्मवर सहीसुद्धा २९ला मागते.

सायकल सुरू झाली ती २०२२च्या जूनमध्ये, ऑफिस पुन्हा रोज भरायला लागलं तेव्हा. संध्याकाळी स्कूटरवरून घरी यायला मला एक तास दहा मिनिटं लागायची. एकदा चांदणी चौकात अडकले असताना एक शाळकरी पोरगा सायकल हातात धरून फुटपाथवरून माझ्या पुढं निघून गेला. चालत! दुसऱ्या आठवड्यात मी हायब्रिड सायकल घेतली. मागं आठ गिअर, दोन्ही चाकांना मडगार्ड, मागं कॅरिअर. दुकानदार मडगार्ड नको म्हणत होता, 'मॅडम, लुक जातो.' जूनमध्ये पुण्यात मडगार्डशिवाय सायकल चालवून ऑफिसला गेलं की पाठीवर जो चिखलाचा पट्टा उमटतो, त्याचा लुक त्यानं पाहिला नसावा.

रस्ता असा: कोथरूड डेपोपासून पौड रोडनं चढत चांदणी चौक, तिथून बावधनमार्गे उतरत पाषाण, मग लिंक रोडनं बाणेर. पहिल्या महिन्यात डेपोच्या पुढच्या चढावर मी दोनदा उतरायची. त्या दिवसांत चौकात कामं चालूच होती. २ ऑक्टोबरला मध्यरात्र उलटल्यावर तिथला जुना पूल स्फोटानं पाडला, तेव्हा निम्मं पुणं जागं होतं. नवा पूल २०२३च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. मधले दहा महिने मी खडी, डंपर आणि रोज बदलणाऱ्या बॅरिकेडमधून वाट काढत होते. चढापेक्षा तीच भीती जास्त. पण जायला पंचेचाळीस मिनिटं, यायला पन्नास, आणि हा वेळ बदलत नाही. स्कूटरवर असताना कधी घरी पोचेन हे मला सांगता यायचं नाही. आता सांगता येतं, कुकर कधी लावायचा ते कळतं. सायकलचा मला झालेला पहिला फायदा हा आहे, तब्येत वगैरे नंतर.

आमच्या घरात सायकल नवीन नाही. बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. कसब्यातल्या वाड्यातून रोज सायकल, सात किलोमीटर जायचे आणि सात यायचे, तीस वर्षं. पॅंटच्या उजव्या पायाला क्लिप, हँडलला डबा, मागच्या चाकाला डायनामो. संध्याकाळी वाड्याच्या बोळात तो डायनामो घुर्र करत आला की आई चहाचं आधण ठेवायची. वाड्यात सगळे ओळखीचे, तरी बाबा सायकलला साखळी आणि कुलूप घालून, दोनदा ओढून बघायचे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते अशा माणसांमुळे, पण त्यांच्यापैकी कुणाला आपण काही विशेष करतोय असं वाटायचं नाही. मी सायकलनं ऑफिसला जायला लागले तेव्हा मला घड्याळावर हृदयाचे ठोके दिसत होते. बाबांनी एवढंच विचारलं, 'कुलूप कसलं घेतलंस?'

पळणं आलं ते मैत्रिणीमुळे. तिनं सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव घेतलं. एकवीस किलोमीटर, आणि त्यात यवतेश्वरचा घाट. माझं माहेरचं आजोळ सातारा. लहानपणी त्या घाटानं कासला जाताना एसटीत हमखास उलटी व्हायची. तो घाट एकदा पायांनी चढायचा असं डोक्यात बसलं. २०२३च्या मे महिन्यात नेटवरून बारा आठवड्यांचा आराखडा उतरवला. मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून, गुरुवारी टेम्पो, म्हणजे सलग जोरात, शनिवारी हलकं, रविवारी लाँग रन. छापून फ्रिजला लावला.

इथं मी जी चूक केली ती सायकलवाले बहुतेक सगळे करतात असं आता मला दिसतं. सायकलचे किलोमीटर मी हिशोबातच धरले नाहीत. ते 'येण्याजाण्यातले', म्हणजे फुकटचे. रोज बावीस, आठवड्याला एकशे दहा किलोमीटर, त्यात दोन्ही वेळा चांदणी चौकाचा चढ, आणि वर चार दिवस पळणं. पगार करणाऱ्या बाईनं असा हिशोब करावा! कुणाचा ओव्हरटाइम मी असा सोडून दिला असता तर युनियनवाले दारात बसले असते. पायांना काय माहीत कुठला तास कुठल्या खात्यात टाकायचा. ते सगळे तास एकाच रजिस्टरात लिहितात.

जुलैमध्ये ते बाहेर आलं, आणि आलं ते ऑफिसात. २६ जुलै. पहाटे पावणेपाचला उठून चौदा किलोमीटर पळाले, कारण रविवारचा लाँग रन पाहुण्यांमुळे राहिला होता आणि फ्रिजवरचा तो चौकोन रिकामा बघवत नव्हता. आंघोळ करून सायकल. दिवसभर रजांची शीट, आणि वर ३१ला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न. रात्री साडेआठला शीट आडनावांप्रमाणे लावून घेताना मी एक कॉलम सोडून बाकीचे निवडले. बिनपगारी रजेचा कॉलम तसाच जागेवर राहिला आणि बाकीची माणसं त्याच्यासमोरून सरकली. एरवी मी एकूण बेरीज जुळवते आणि मग दहा नावं हातानं तपासते. बेरीज अर्थातच जुळली, दिवस तेवढेच होते, फक्त माणसं बदलली होती. दहा नावं तपासायची मी त्या रात्री सोडून दिली. डोळे मिटत होते.

१ तारखेला सकाळी प्लँटच्या स्टोअरमधून फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. 'मॅडम, माझे चार दिवस कुठं गेले?' त्यांनी महिन्याभरात एकही रजा घेतली नव्हती. त्यांच्या मुलाची फी त्याच दिवशी जायची होती. दुपारपर्यंत फरकाची रक्कम सगळ्यांच्या खात्यात गेली, साहेबांना मी स्वतः सांगितलं, प्रकरण मिटलं. पण संध्याकाळी घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद काढला. फाडला वगैरे नाही. मागची बाजू कोरी होती, त्यावर वाण्याची यादी लिहिली.

त्याच सुमाराला डाव्या नडगीच्या आतल्या बाजूनं दुखायला लागलं. बोटानं दाबलं की एका वीतभर पट्ट्यात दुखायचं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय दाबला, सायकलचे किलोमीटर विचारले, पळण्याचे विचारले आणि म्हणाल्या, 'तुमचा दम पळणाऱ्या माणसाचा आहे आणि नडग्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या.' मग नीट समजावलं. सायकलनं हृदय, फुप्फुसं, मांड्या तयार होतात, पण सायकलवर पाय कधी आपटत नाही. शरीराचं वजन गादी उचलते. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटीहून जास्त भार एका पायावर येतो, आणि हाडं, स्नायूबंध तो भार हळूहळूच शिकतात. दम तयार असला की माणूस जोरात पळतो, आणि तयार नसलेली हाडं त्याच्या मागं फरपटतात. नुसता खुर्चीतला माणूस निदान धाप लागून थांबतो तरी. मला धाप लागतच नव्हती.

तीन आठवडे पळणं बंद, सायकल चालू. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला साताऱ्याला उभी राहिले ती अर्धवट तयारीनं.

आणि घाट मी मजेत चढले. खरं सांगते, इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. गावातून समर्थ मंदिर ओलांडलं की चढ लागतो तो सुटतच नाही. एका वळणावर धुकं, दुसऱ्या वळणावर खाली सगळं सातारा आणि समोर अजिंक्यतारा. बाजूला ढोल-ताशा, लेझीम खेळणारी शाळेची पोरं, 'चला मावशी, चला' म्हणणाऱ्या बायका. भोवतालची माणसं चालायला लागली होती आणि मी लहान पावलं टाकत, पौड रोडच्या चढावर हलक्या गिअरमध्ये पेडल मारावं तशी, वर सरकत होते. वळसा घालायच्या जागी पोचले तेव्हा मनात सव्वादोन तासांचा हिशोब झाला होता.

मग उतार.

पहिले दोन किलोमीटर उडाले. चौथ्याला मांड्यांच्या पुढच्या बाजूला काहीतरी थरथरायला लागलं. सहाव्याला प्रत्येक पाऊल ब्रेक दाबल्यासारखं, आणि ब्रेकच्या रबरी पट्ट्या संपलेल्या. वर ज्यांना मी मागं टाकलं होतं ते सगळे एकेक करून गेले, त्यात ज्यांच्याबरोबर घाटात मी सहानुभूतीनं बोलले होते ते पांढऱ्या मिशांचे काकाही. दोन तास एकेचाळीस मिनिटं. सोमवारी ऑफिसात जिना उतरताना मी कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, उलटी उतरले. हाउसकीपिंगच्या मावशींनी विचारलं, 'ताई, पडला का हो कुठं?'

त्याचं कारण मला नंतर कळलं आणि तेव्हापासून माझं सगळं पळणं त्या कारणाभोवती आहे. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखूड होत जोर लावतो. उतारावर पळताना तोच स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो, शरीर पुढं कोसळू नये म्हणून. हे दुसऱ्या प्रकारचं काम सायकलवर जवळजवळ नाहीच. चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना मी काय करते? काहीच नाही, बसून असते. म्हणजे वर्षभर मी चढाची तालीम केली होती आणि उताराची शून्य. दुसरी गोष्ट जास्त कामाची: स्नायूंनी असा मार एकदा खाल्ला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच माराला ते कमी दुखतात. म्हणजे उतार रोज पळायची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतो. माझ्यासारख्या, वेळेच्या बाबतीत कंगाल माणसाला याहून चांगली बातमी नाही.

मग मी माझा आराखडा केला, आणि तो आठवड्याचा केला नाही, महिन्याचा केला. नेटवरचे सगळे आराखडे सोमवार ते रविवार असतात. माझं आयुष्य १ ते ३० असं चालतं. तीन आठवडे वाढवत न्यायचं आणि चौथा हलका, हे पळणारे तसंही करतात. माझा हलका आठवडा २२ ते २८, बँकेत फाइल जाईपर्यंत. त्यात पळायचं नाही. सायकल चालवायची, तीही आजीबाईसारखी. बाकीच्या तीन आठवड्यांत आठवड्याला दोनच वेळा पळायचं, फार तर अडीच. अर्धं म्हणजे मुलीला क्लासला सोडून ती सुटेपर्यंत कर्वेनगरातल्या गल्ल्यांमधून वीस मिनिटं.

त्या दोनमधला मुख्य बुधवार. ही युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. मंगळवारी सायकलवर बुधवारचे कपडे घेऊन जायचं आणि संध्याकाळी सायकल ऑफिसच्या तळघरात ठेवून पीएमटीनं घरी यायचं. (पीएमपी होऊन इतकी वर्षं झाली, आम्ही पीएमटीच म्हणतो.) बुधवारी सकाळी घरातून पळत ऑफिस. संध्याकाळी सायकल तिथंच आहे, ती घेऊन घरी. पळण्यासाठी वेगळा वेळ काढायचाच नाही, तो येण्याजाण्यातून चोरायचा.

आणि रस्ता टेकडीवरून. गाडीनं कर्वेनगरहून बाणेरला जायचं तर वेताळ टेकडीला वळसा घालावा लागतो, एकतर चांदणी चौकाकडून नाहीतर विद्यापीठाकडून. पायांना वळसा लागत नाही. कर्वे पुतळा, पौड रोड, तिथून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडचा चढ, मग टेकडी. ही शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वरून वेताळबाबाच्या देवळाजवळून पलीकडं पंचवटीत उतरायचं, पाषाण रोड ओलांडून अभिमानश्रीतून बाणेर रोड, आणि मग मेट्रोच्या खांबांखालून सरळ ऑफिस. साडेअकरा किलोमीटर. सायकलच्या रस्त्याहून अर्धाच जास्त! या टेकडीतून बोगदे आणि रस्ते काढायच्या योजना अधूनमधून वर येतात, आणि त्याविरुद्ध २०२३च्या एप्रिलमध्ये मोठा मोर्चा निघाला होता. मी त्यात होते, पण तेव्हा नुसती 'झाडं वाचवा' म्हणून. आज गेले असते तर म्हटलं असतं, माझा ऑफिसचा रस्ता आहे तो.

पावसाळ्यात पावणेसहाला निघते. एआरएआयच्या रस्त्यावर पोचेपर्यंत उजाडतं. वर गेलं की आधी मोर ऐकू येतात आणि मग हास्यक्लब, कधी कधी दोन्ही एकदम, आणि लांबून फरक कळत नाही. खाणीत पाणी साठलेलं असतं. पायवाटेवरचा मुरूम चांगला, पाय धरतो, पण मधेमधे जी काळी मऊ माती आहे ती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत प्रत्येक पायात पावशेर वजन वाढतं. तिथं गवतावरून जायचं, आणि गवतातून जाताना खाली बघायचं. पंचवटीकडच्या उतारावर पहिल्या बुधवारी मी दोन्ही हात पसरून, अंगणात पहिल्यांदा चालणाऱ्या पोरासारखी उतरले. रोज येणारे एक आजोबा काठी टेकवत मागून आले आणि म्हणाले, 'अहो, मागं रेलू नका. मागं रेललं की घसरतं. लहान पावलं टाका आणि पुढं झुका.' कुठल्याही प्रशिक्षकानं यापेक्षा वेगळं सांगितलं नसतं. तो उतार आता मला पावलापावलानं पाठ आहे.

संध्याकाळी मात्र टेकडी नाही. अंधारात एकट्या बाईनं तिथून जावं असं मला वाटत नाही, त्यावर मला भाषणही नको आहे. म्हणून सकाळी पळत यायचं आणि संध्याकाळी सायकल. उलटं केलं असतं तर सोपं झालं असतं, घामानं भिजून ऑफिसला पोचायची भानगड नसती.

कारण ती भानगड आहे. तळघरात ड्रायव्हर लोकांच्या खोलीशेजारी एक बाथरूम आहे. शॉवर नाही, नळ, बादली आणि मग. पावणेआठला तिथं कुणी नसतं. दाराच्या खिळ्याला कपड्यांची पिशवी, पंचा, साबणाची डबी. पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, मगच आंघोळ, नाहीतर आंघोळीनंतर पुन्हा घाम येतो. हे तीन बुधवार वाया घालवून कळलं. मग वरच्या पँट्रीत सातूचं पीठ दुधात कालवून, वर दोन केळी. साडेनऊला मी खुर्चीत असते आणि कुणाला काही कळत नाही, फक्त टेबलाखाली वर्तमानपत्र कोंबलेले बूट पंख्याच्या वाऱ्यावर असतात.

एकदा कळलं. मंगळवारी पिशवीत सगळं भरलं, चपला विसरले. बूट चिखलानं भरलेले, बाहेर पाऊस, आणि अकराला ऑडिटर. मावशींनी त्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला दिल्या आणि स्वतः दुपारपर्यंत गमबूट घालून फिरल्या. मी निळ्या रबरी चपला घालून ऑडिटरना पीएफची चलनं दाखवली. ते कागदांतून मान वर काढत नव्हते म्हणून बरं. शेवटी उठताना म्हणाले, 'मॅडम, पावसाळ्यात हेच बरं, नाही?' तेव्हापासून एक चपलांचा जोड कायमचा टेबलाखाली आहे.

दुसरं पळणं रविवारचं, तेही एक आड एक. त्यातला महिन्याचा एक रविवार सिंहगडाला. आम्ही तिघंही सकाळी सहाच्या आत वनखात्याच्या नाक्यावर, कारण आठनंतर तिथं गाड्यांची जत्रा असते. वर जाऊन मुलगी आणि नवरा दही खातात, मी घाटरस्त्यानं खाली पळत येते, आणि ते मागून गाडीनं येऊन मला उचलतात. फक्त उतरायचं. चढून येणारे दमलेले लोक माझ्याकडं असं बघतात की ही बाई लबाडी करते आहे. एकानं विचारलंच, 'ताई, चढलात कधी?' मी म्हटलं, 'चढायचं मी ऑफिसला जाताना करते.' त्याला काही कळलं नाही. पहिल्यांदा उतरले तेव्हा तीन दिवस मांड्या धरल्या होत्या, दुसऱ्या महिन्यात एक दिवस, तिसऱ्या महिन्यात नाहीच.

सायकलबद्दल एकच गोष्ट बदलली, पण ती सगळ्यात अवघड गेली. हळू चालवणं. पाषाणच्या सपाट रस्त्यावर मागून डब्याची डिलिव्हरी करणारा पोरगा ई-स्कूटरवरून 'चला काकू' करत गेला की माझ्यातला कसबा पेठ जागा व्हायचा. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत मी शर्यत लावायची आणि ऑफिसला पोचेपर्यंत बुधवारचं पळणं मंगळवारीच संपवून टाकायची. आता नियम असा की सायकलवर असताना गाणं गुणगुणता आलं पाहिजे. तोंड बंद झालं की गिअर उतरवायचा. चांदणी चौकाच्या चढावर सगळ्यात हलका गिअर, पाय भराभर, जोर कमी. पूर्वीपेक्षा मला चार मिनिटं जास्त लागतात. चार मिनिटं!

सासूबाईंना यातलं काहीच पटत नाही. त्या म्हणतात, 'दोन चाकं दिली आहेत देवानं, तरी पळतेस कशाला?' त्यांना मी अजून नीट उत्तर देऊ शकलेले नाही. पण शेंगदाणा-गुळाचे लाडू त्याच करतात, आणि बुधवारी डबा भरताना एक जास्तीचा घालतात.

२०२४ला पुन्हा सातारा. फाइल २८ ऑगस्टला बँकेत गेली होती, आधीचा आठवडा न पळता गेलेला, म्हणजे पळणारे शर्यतीआधी जो आराम मुद्दाम करतात तो मला पगारानं सक्तीनं दिला होता. चढ मागच्या वर्षीइतकाच, एक मिनिट हळूच. वळसा घातला आणि लहान पावलं, पुढं झुकून. आठव्या किलोमीटरला मांड्या बोलायला लागल्या, पण कुरकुर म्हणावी एवढंच. पांढऱ्या मिशांचे काका मला कुठं दिसले नाहीत, याचं थोडं वाईट वाटलं. दोन तास चोवीस. कंदी पेढे घेतले, एक किलो ऑफिससाठी आणि पाव किलो प्लँटच्या स्टोअरमध्ये वेगळे पाठवले.

सोमवारी जिना सरळ उतरले.

परवा मंगळवार होता. नेहमीप्रमाणे सायकल तळघरात ठेवली आणि बसमध्ये उभ्या उभ्या बाबांना फोन केला. ते आता चौऱ्याहत्तर आहेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे माझं बोलणं सगळ्या बसला कळतं. टेकडी, सिंहगड, साताऱ्याची वेळ, सगळं ते 'हं, हं' करत ऐकत होते. मग मी म्हटलं, सायकल आज ऑफिसातच आहे, उद्या पळत जाणार. पलीकडं एकदम शांतता.

'म्हणजे सायकल रात्रभर बाहेर?'

'बाहेर नाही हो बाबा, तळघरात. वॉचमन असतो.'

'कुलूप लावलंस?'

'लावलं.'

'ओढून बघितलंस का?'

मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि उलट्या बाजूची बस धरली.